टिचकीवर निवडलेला डबा

बाबांचा आवाज उद्या सकाळी कायमचा जाणार होता आणि त्यांची धाकटी लेक जेवणाच्या टेबलावर बारीक-बारीक स्क्रू निवडत बसली होती. बाहेरच्या कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, घरावर प्रसंग काय आणि ह्या पोरीला सुचतंय काय. पण घरातल्या चौघांनाही पक्कं ठाऊक होतं की संध्याकाळपर्यंत टेबलावरचा तो डबा कामाला लागला नाही, तर उद्यापासून बाबा जे काही बोलतील ते पाटीवर लिहून. पाटी आईने आणून ठेवलीही होती. तिच्यावर रुमाल झाकून ती कपाटामागे उभी केली होती, म्हणजे ती तिथे आहे हे सगळ्यांना दिसत होतं.

बाबांच्या घशात गाठ निघाली होती. ती बसली होती अशा जागी की तिच्याबरोबर आवाजाची पेटीच काढावी लागणार होती. सर्जनबाईंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. आवाज राहणार नाही. श्वासही नाकातोंडातून घेता येणार नाही, गळ्याला पुढे एक भोक ठेवतील, त्यातून घ्यावा लागेल. नर्सने फोटो दाखवायला काढला तेव्हा बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. श्वास अडेल असं काहीही त्या भोकावर येऊ द्यायचं नाही, पांघरूण नाही, उशी नाही, हे नर्सने घरच्यांकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. आई प्रत्येक वेळी मान डोलावत होती. बाबा शेवटपर्यंत खिडकीबाहेरच बघत राहिले.

मग बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाईंनी एक मार्ग सुचवला. आवाज आहे तोवर तो भरून ठेवायचा. कॉम्प्युटर तो ऐकून ऐकून शिकतो, आणि पुढे माणसाने नुसतं टाइप केलं की त्याच्याच आवाजात बोलतो. सगळ्यांच्या जिवात जीव आला, एक बाबा सोडून. बाबा पियानो सुरात लावणारे. सभागृहं, शाळा, बड्या लोकांचे दिवाणखाने, जिथे म्हणून पियानो होता तिथे त्यांची चामड्याची पिशवी जाऊन आली होती. एखादी तार केसभर उतरलेली असली तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. त्यांनी दोन अटी घातल्या. एक, माझा आवाज परक्याच्या घरी राहायला जाणार नाही, जे काय शिजवायचं ते इथे घरात. आणि दुसरी, ऑपरेशनच्या आधी मला ऐकवायचं.

"मी पास केल्याशिवाय तो आवाज माझा नाही," ते म्हणाले होते. "खोटा वाटला तर पुसून टाका. मी पाटी घेईन."

ते तसं करतील याबद्दल कुणालाही शंका नव्हती. हा माणूस एकदा लावलेला पियानो मनाला पटेना म्हणून, मालकालाच खोलीबाहेर काढून, दार लावून घेऊन, तो पुन्हा पहिल्यापासून लावत बसला होता.

आवाज भरून झाला होता. गेले काही आठवडे बाबा कपड्यांच्या कपाटात खुर्ची टाकून, कोटांच्या गर्दीत बसून वाक्यं वाचत होते. पण त्या वाक्यांतून आवाज घडवायला दणकट कॉम्प्युटर लागतो, चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला. आणि तो पुढे दवाखान्यात खाटेशेजारच्या स्टुलावर मावला पाहिजे, हाताने उचलून नेता आला पाहिजे. तो बांधायचं काम धाकटीकडे आलं. ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. दुकानातला कॉम्प्युटर रुसला की तोही तिच्याच गळ्यात पडायचा, त्यातून ती हे शिकली होती. लहानपणापासून सगळं चिमट्याने उचलायची म्हणून बाबा तिला चिमटी म्हणत, आणि आता घरात दुसरं नाव कुणाला आठवतही नसे.

केस निवडायला बापलेक दोघं गेली होती. केस म्हणजे ज्यात हे सगळं बसवायचं तो डबा. थोरला भाऊ, म्हणजे दादा, बरोबर आला होता. तो लिफ्टा दुरुस्त करतो आणि त्याला मोठ्या वस्तू आवडतात. त्याने आत शिरताच एक काळा पोलादी खोका पसंत करून टाकला, ज्यात माणूस आखडून झोपला असता. "मोठा घ्यावा, हवा खेळती राहते," हे त्याचं म्हणणं, आणि ते काही चुकीचं नव्हतं. बाबांनी त्या खोक्याला बोटाच्या पेराने टिचकी मारली, कान टेकवला आणि तोंड वाकडं केलं. हा किणकिणतो. पुढचा. पुढच्याला काचेची भिंत होती. तो म्हणे रडतो. एकाचा पत्रा नुसता पापड होता. दुकानातला विक्रेता आधी हसला, मग त्यालाही नाद लागला आणि तोच माळ्यावरून डबे काढून बाबांच्या पुढे धरायला लागला. शेवटी उरला तो काचेच्या कपाटातला छोटा राखाडी डबा. जाड ॲल्युमिनियम, कडा अशा की जोड कुठे आहे ते नखालाच कळावं, उंचीला बुटांच्या खोक्याएवढा आणि वर उचलायला चामड्याची मूठ. बाबांनी टिचकी मारली. टप्प. पुन्हा मारली. टप्प.

"हा गप्प बसेल," ते म्हणाले, आणि हसले. गाठीचं कळल्यापासून पहिल्यांदा.

तिथेच घोडं पेंड खायला लागलं. तो नुसता दाखवायचा नग होता, विकायचा मागवावा लागणार होता. दादा म्हणाला, चिमटे, हट्ट नको, काळा उचल आणि चल. पण चिमटीने बाबांना हसताना पाहिलं होतं. तिने थांबायचं ठरवलं. आणि मग दवाखान्यातून फोन आला की गाठ वाढतेय, ऑपरेशन अलीकडे घेतोय. डबा काल संध्याकाळी घरी आला. ऑपरेशन उद्या. मधला हा एक दिवस तिने आपल्या हाताने स्वतःच्या डोक्यावर घेतला होता, आणि हे तिला कुणी ऐकवायची गरज नव्हती. दादाने तरी दोनदा ऐकवलंच.

सकाळी तिने टेबलावर जाड टॉवेल अंथरला आणि डब्याचे दोन्ही बाजूचे पत्रे काढले. त्या पत्र्यांना चाळणीसारखी बारीक भोकं होती. असल्या डब्यात हवा आत यायला आणि बाहेर जायला तेवढीच वाट. पत्रे ओरखडू नयेत म्हणून तिने ते खिडकीशी बसलेल्या बाबांच्या पुढ्यात ठेवले, आणि टेबलावर डबा सरकू नये म्हणून फेल्टचे चार गोल पाय कापून द्या, असं सांगितलं. बाबांच्या पिशवीत कायम काळं फेल्ट, दाबून केलेलं लोकरीचं कापड, असायचं; पियानोच्या तारा दाबून धरायला पट्ट्या लागतात. घरातल्या प्रत्येक खुर्चीच्या पायाला, प्रत्येक दाराच्या कडेला, फडताळातल्या डब्यांच्या बुडांनासुद्धा ते फेल्ट चिकटलेलं होतं. एकाने फेल्ट चिकटवायचं आणि दुसरीने त्यावर रुमाल झाकायचा, असा तो संसार होता. बाबांना आज न बोलण्याचा हुकूम होता. संध्याकाळी आवाजात काही कमी निघालं तर ते भरून काढायला घसा शिल्लक हवा. त्यांनी मान हलवली, चष्मा चढवला आणि कात्री काढली.

छोट्या डब्यात कॉम्प्युटर बांधणं म्हणजे भरलेल्या बॅगेत आणखी एक कोट कोंबण्यासारखं आहे, फरक इतकाच की हा कोट चुरगळला तर मरतो. चिमटीने मदरबोर्ड आत उतरवला. त्याच्या मागून पॉवर सप्लाय. मधल्या भिंतीच्या दुसऱ्या अंगाला ग्राफिक्स कार्ड, आणि दोघांना जोडणारी एक चपटी केबल, जी नको तिथे वळली की जीव सोडते. कार्ड सरळ जाईना. तिरकं घातलं तर वरची पट्टी आडवी येई. तिने पट्टी काढली, कार्ड घातलं, मग पट्टी बसेना. पुन्हा सगळं बाहेर. ॲल्युमिनियम मऊ असतं, स्क्रू जरा जास्त पिळला की आटेच सुटतात, म्हणून ती प्रत्येक स्क्रू बोटाच्या टोकाने लावून, शेवटचा अर्धा फेरा श्वास धरून देत होती. एका कडेने अंगठा कापला. तिने तो तोंडात धरला आणि दुसऱ्या हाताने काम चालू ठेवलं. आई मागे येऊन उभी राहायची, परत जायची, आणि स्वयंपाकघरात भांडी घासून झालेली पुन्हा घासायची.

दुपारी जेवणाआधी ती उघड्या डब्याला वीज लावू शकली. पंखे फिरले. पडद्यावर अक्षरं आली. दादाने टाळी वाजवली आणि लगेच हात खिशात घातले, आपण रागावलो आहोत हे आठवून. तिने बाबांकडून पत्रे घेतले. पत्र्यांच्या आतून काळं मऊ अस्तर होतं, कडांना अगदी काटेकोर. धूळ अडवायला असावं, तिला वाटलं, चांगल्या वस्तू अशा असतात. दुकानात आतून कुणी पाहिलं होतं? तिने पत्रे दाबून बसवले, बुडाला फेल्टचे पाय चिकटवले, दादाच्या लॅपटॉपवरून बाबांची सगळी वाक्यं आत घेतली आणि आवाज घडवायचं काम सुरू केलं. पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या चालीने पुढे सरकू लागली. सगळे जेवायला बसले. कुणी फारसं जेवलं नाही.

पट्टी पाव वाटेवर असेल, तेवढ्यात टप्प झालं. अगदी बाबांच्या टिचकीसारखं. पडदा काळा.

चिमटीने प्लग चाचपला. वीज आहे का, आहे. बटण दाबलं, काही नाही. थोड्या वेळाने पुन्हा दाबलं, चालू. पट्टी पुन्हा शून्यावर. ह्या वेळी चिमटी समोरून हललीच नाही, आणि ह्या वेळी डबा आधीपेक्षा लवकर बंद पडला.

तिने पत्रे काढले, सगळं तपासलं, उघड्यावर चालू केलं. चालला. काही क्षण, काही मिनिटं, बरा चालला. पत्रे लावले. गेला. मग तिने ठरवून टाकलं की पत्रा लावताना ती चपटी केबल चेंगरतेय. चूक अशी झाली की हे फार पटण्यासारखं होतं. तिने अख्खा डबा पुन्हा रिकामा केला, केबल नव्या वाटेने नेली, सगळं पुन्हा भरलं. तोवर खिडकीतलं ऊन टेबलावरून उतरून जमिनीवर आलं होतं. पत्रे लावले, पट्टी सरकू लागली. गेला.

आता दादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सांगितलं होतं, तो म्हणाला, तेव्हाच सांगितलं होतं. एवढ्याशा डब्यात एवढं मोठं यंत्र कोंबल्यावर होणार काय दुसरं? आम्ही लिफ्टच्या मोटरला सुद्धा जाळी ठेवतो. रूपाला भुललीस तू. काळा खोका घेतला असता तर आज आठ दिवस आवाज तयार होऊन बसला असता. चिमटीने त्याला सांगितलं की उघडा ठेवून चालवून बघते, गप्प बस. दादा म्हणाला, उघडा डबा दवाखान्यात नेणार आहेस? खाटेशेजारी उघड्या तारा ठेवू देतील तुला? आणि मग हळू आवाजात, जे त्याने बोलायला नको होतं ते बोलला.

"श्वास कोंडतोय त्याचा. दिसत नाही का तुला? श्वास कोंडून मरतंय ते."

खिडकीशी बसलेल्या बाबांनी मान वर केली. त्यांनी दादाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. मग ते उठले. कपाटामागून त्यांनी पाटी काढली, तिच्यावरचा रुमाल नीट घडी करून आईच्या हातात दिला आणि पाटीवर लिहिलं, पुरे. पाटी टेबलावर ठेवून ते आपल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. फेल्ट लावलेलं दार, त्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

आई त्या एका शब्दाकडे बघत उभी राहिली. दादाने खुर्ची ओढली आणि डोकं दोन्ही हातांत धरून बसला. चिमटीला रडायचं होतं, पण आपण रडायला लागलो तर हात थांबतील, आणि हात थांबले तर संपलंच, हे तिला कळत होतं. म्हणून तिने नुसता उगीच एक पत्रा उचलला. दुकानात काच बसवण्याआधी ती तिच्यावर फुंकर मारते, धूळ उडवायला. हाताला लागलेली सवय. तिने पत्रा तोंडासमोर धरला आणि भोकांवर फुंकर मारली.

फुंकर पलीकडे गेलीच नाही. वळून तिच्याच तोंडावर आली.

तिने पत्रा उजेडाकडे धरला. एकाही भोकातून उजेड दिसेना. तिने नखाने ते काळं अस्तर कडेला उचकटलं. धूळ अडवायच्या जाळीतून हवा जाते. हे जाड होतं, लोकरीचं, मागे गोंद. कात्रीने कापलेलं, पण कापणाऱ्याचा हात असा की कारखान्यातल्या यंत्रानेही खाली मान घालावी. असा हात तिला जगात एकच माहीत होता. दुसरा पत्रा. तोही तसाच. दोन्ही बाजूंची सगळी भोकं, एक न सोडता, बुजवलेली.

दादा तोवर जवळ आला होता. त्यालाही कळलं, आणि त्याचं तोंड उघडलं. चिमटीने फक्त हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदा दादाने धाकट्या बहिणीचं ऐकलं आणि तोंड मिटलं.

ती पत्रा घेऊन खोलीत गेली. बाबा खाटेच्या कडेवर पाठ करून बसले होते, गळ्याला मफलर गुंडाळलेला. खोली चांगली उबदार होती. तिच्या आता लक्षात आलं की दवाखान्यातून आल्यापासून तो मफलर उतरलेलाच नव्हता. ती त्यांच्या पुढ्यात जमिनीवर बसली आणि पत्रा त्यांच्या मांडीवर ठेवला. विचारायचं होतं, रागवायचंही होतं. बाबांनी अस्तराच्या उचकटलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग दिवसभर राखून ठेवलेला आवाज त्यांनी खर्च केला. तो घोगरा झाला होता, तळाशी वाळू असल्यासारखा.

"भोकांतून वाऱ्याची शिट्टी वाजेल म्हणून बसवलं, असं सांगू शकतो मी तुला," ते म्हणाले. "तू मानशीलसुद्धा."

"मग खरं काय?"

"मला भोक बघवत नाही, चिमटे. हे पत्रे सकाळपासून पुढ्यात होते. जिकडे बघावं तिकडे भोकंच. हात आपोआप चालले." ते थांबले, गिळताना त्यांना दुखत होतं. "आवाज जाईल त्याचं मी बघून घेईन. पण गळ्याला भोक घेऊन तुमच्यासमोर बसायची मला भीती वाटते."

धीर द्यायचे सगळे शब्द घरात सर्वांनी वापरून गुळगुळीत केले होते. शेवटी चिमटी म्हणाली, "मी पण फोटो बघितला नाही बाबा. तुम्ही खिडकीतून बघत होतात, मी माझ्या चपलांकडे."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ती पुढे म्हणाली की आत यंत्र चांगलं आहे, डबाही चांगला आहे, तुम्ही निवडलेला. त्याला फक्त हवा पाहिजे. भोकं बुजवली की तो मरतो, उघडी ठेवली की बोलतो. एवढं बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं, आणि तिचे कान गरम झाले. पण शब्द मागे घ्यावेत असं तिला वाटलं नाही.

तिने खिशातला चिमटा काढून त्यांच्या हातात दिला. बाबांनी चष्मा चढवला. कोपरा धरून ते हळूहळू ओढू लागले. एवढं नेटकं चिकटवलेलं निघता निघेना. स्वतःच्या कामावरच ते एकदा वैतागले. दादा दारात येऊन उभा होता, त्याने दुसरा पत्रा आणून दिला. आई त्याच्या मागे. पहिलं अस्तर सबंध निघालं तेव्हा बाबांनी पत्रा दोन्ही हातांत तोंडासमोर धरला आणि भोकांतून फुंकर मारली. पलीकडे चिमटीचा चेहरा होता. तिच्या गालावर, डोळ्यांवर, कपाळावरच्या बटांवर ती फुंकर आली. उद्यापासून ह्या तोंडातून फुंकर येणार नव्हती. हे त्या खोलीतल्या चौघांनाही एकाच वेळी कळलं असावं, कारण बाबांनी कुणी न सांगता पुन्हा एकदा मारली, आणि ह्या वेळी लांब, पुरवून पुरवून, चिमटी डोळे मिटून बसली असताना. मग मात्र ती रडली. काम अजून बाकी होतं तरी रडली.

दिवेलागणीला निळी पट्टी निम्म्यावर गेली आणि चालतच राहिली. डब्याच्या एका बाजूने गार हवा आत जात होती, दुसरीने गरम वारा येत होता. दादा मधून मधून हात लावून बघायचा, जणू तापलेल्या मुलाचं अंग. आई रुमाल घेऊन डब्याकडे आली, आणि दादाने "आई" एवढंच म्हटल्यावर तो परत घेऊन गेली.

पट्टी टोकाला गेली. चिमटीने टाइप केलं, आणि डब्यातून बाबा बोलले. आज हवा बरी आहे, ते म्हणाले. गाठीच्या आधीचा नसला तरी त्यांचाच आवाज, तोच शेवटचा शब्द जरा दाबून बोलायचा ढंग. आईने टेबलाची कड धरली. सगळे बाबांकडे बघू लागले. बाबा डोळे मिटून ऐकत होते, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

पुन्हा, त्यांनी बोटाने खुणावलं. तिने पुन्हा वाजवलं. आणखी एक वाक्य. आणखी एक. आठी तशीच.

"हा माणूस श्वास कधी घेतो?" बाबांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वाक्यं भरताना प्रत्येक वाक्याआधी बाबांचा श्वास ऐकू यायचा. तो खरखराट समजून तिने प्रोग्रॅमला सांगून सगळे श्वास कापून टाकले होते. काच पुसतात तसा आवाज पुसला होता. श्वास आहेत, ती म्हणाली, मूळ भरलेल्यात सगळे आहेत, मी काढले होते. परत घालते. पण काम पहिल्यापासून करावं लागेल, सकाळपर्यंत चालेल. मधे बंद पडलं तर उद्या ऐकवायला वेळ उरणार नाही.

बाबांनी डब्याच्या माथ्यावर टिचकी मारली. भरलेला असूनही आवाज तोच आला. मग त्यांनी पाटीवरचा शब्द बाहीने पुसला आणि झोपायला गेले.

सकाळी ते निघायच्या तयारीने बाहेर आले तेव्हा पट्टी संपली होती आणि बाकी कुणीही अंथरुणाला पाठ टेकली नव्हती. चिमटीने तेच वाक्य टाइप केलं. आधी एक लहानसा श्वास आला, नाकातून घेतलेला, घाईत नसलेल्या माणसाचा. मग, आज हवा बरी आहे. बाबांनी ते उभ्यानेच ऐकलं. बोलायला आवाज अजून होता, तरी बोलले नाहीत. त्यांनी मफलर काढून खुंटीला लावला, डब्याची चामड्याची मूठ धरली आणि तो स्वतः उचलून दाराबाहेर नेला. दादा जड आहे म्हणून पुढे झाला, त्याला त्यांनी उचलू दिला नाही.

ऑपरेशन चांगलं झालं, असं सर्जनबाई म्हणाल्या. बाबा एक दिवस झोपेतच होते. जागे झाले तेव्हा चिमटी आणि दादा दोघंही खाटेच्या एका अंगाला होती. ह्या वेळी तिने चपलांकडे पाहिलं नाही. गळ्याच्या मधोमध ते होतं, लाल कडांचं, आणि श्वासाबरोबर तिथून बारीक सूं सूं येत होतं. भयंकर काही वाटलं नाही. बाबाच वाटले.

दुसऱ्या अंगाला आई होती, आणि आईचे हात रिकामे राहत नाहीत. तिला नर्सने वदवून घेतलेलं सगळं तोंडपाठ होतं, पण हातांना कुठे काय पाठ असतं. खोलीत गारवा आहे असं म्हणत तिने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं, आणि स्टुलावरच्या डब्यावर धूळ नको म्हणून घरून आणलेला भरतकामाचा रुमाल पसरला. चिमटी पुढे होणार, तेवढ्यात बाबांचा हात कीबोर्डवर गेला. एकेक अक्षर शोधत, सावकाश. आई थबकली.

डब्याने आधी श्वास घेतला. मग बाबांच्या आवाजात, शेवटचा शब्द जरा दाबून, तो म्हणाला, "अगं, दोन्ही काढ. आम्हा दोघांनाही श्वास घेऊ दे."

आईने आधी पांघरूण खाली घेतलं, मग रुमाल उचलला. तो तिने डोळ्यांना लावला आणि बराच वेळ तिथेच धरून ठेवला.